बोका चावतो

३ डिसेंबर

लिहायचं लिहायचं म्हणता म्हणता अख्खा नोव्हेंबर गेला. खरं तर दोन गोष्टी लिहायच्या होत्या. एक ही रोजची वही, आणि दुसरं दादाने गळ्यात मारलेलं ‘हसरं वर्ष’. दोन्हींना मी सारखाच चुकवत होतो. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर टेबलाचा पाय डुगडुगत होता, म्हणून त्याला पाचर मारायला बसलो. बसल्या बसल्या दिसलं की टेबलाखालून मुंग्यांची रांग भिंतीतल्या भोकात जातेय. म्हटलं, निघते कुठे बघू. ती निघाली शेजारच्या शिंपीणबाईंकडे, शिवणयंत्राच्या खाली. त्यांनी चहा दिला, मी त्यांच्या यंत्राचा पट्टा घट्ट करून दिला. असा तो दिवस गेला. बाकीचेही साधारण असेच गेले.

तर हसरं वर्ष. ही वहिनीची खोड. दर डिसेंबरात ती घरातल्या वर्षभराच्या फजित्या चार पानांत लिहायची. दादा त्याच्या झेरॉक्स काढून आणायचा, पोरं पाकिटांवर तिकिटं चिकटवायची, आणि ते सगळ्या नातेवाइकांना जायचं. मी विटांच्या भट्टीवर असो की बंदरावर, मलाही कुणाच्या तरी पत्त्यावर गाठायचंच. नियम दोन. घरातल्या प्रत्येकाची निदान एक फजिती आलीच पाहिजे. आणि आजारपण, पैसा, मरण यातलं काहीही येता कामा नये. “रडायला ज्याची त्याची घरं आहेत की,” ती म्हणायची.

मार्चमध्ये वहिनीच गेली. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. मी चार दिवसांसाठी म्हणून आलो तो अजून इथेच आहे. एका जागी इतका मी जन्मात टिकलो नव्हतो. पण आता पुरे. उस्तादच्या ट्रकवर जागा मिळालीय, लांबचा माल, समुद्राकडचा रस्ता. एक जानेवारीला निघायचं.

दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “जायच्या आधी तेवढं हसरं वर्ष लिहून जा.”

“यंदा कशाला?”

“यंदाच.” मग म्हणाला, “बोक्याचं जास्त लिही. त्याचं सगळं लिही.”

बोका म्हणजे धाकटा, चार वर्षांचा. त्याच्या वरची मोठी, आठ वर्षांची. तिला सगळे मॅडम म्हणतात, कारण ती आल्यागेल्याला कामाला लावते.

५ डिसेंबर

आज सामान गोळा करायला बसलो. म्हणजे आठवणी.

दादाची फजिती सोपी आहे. दादाचं काचेचं दुकान. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलांवरच्या काचा तो कापून देतो. त्याचं चाक काचेवरून फिरताना एकदा ऐकावं. ओठ न उघडता कुणी शीळ घालतंय असं वाटतं. पंधरा वर्षांत त्याने माप चुकवलं नव्हतं, आणि ह्या वर्षी धडाधड चुकवतोय. आरसा बोटभर तोकडा निघाला की गिऱ्हाईक घेत नाही. मग दादा तो घरी आणतो. आता आमच्या घरात न्हाणीघरात आरसा, स्वयंपाकघरात दोन, दाराच्या मागे एक, आणि जिन्याच्या कोपऱ्यातला तर इतका उंच की त्यात फक्त छत दिसतं. बोका सकाळी उठून प्रत्येक आरशाला “आलास का?” म्हणून विचारत फिरतो. हे नक्की घ्यायचं.

माझी फजिती: मॅडमची वेणी. एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा घातली ती ट्रकवर ताडपत्री बांधतात त्या गाठीची. सुटेना. शेवटी शिंपीणबाईंनी कात्री लावली. मॅडम तशीच शाळेत गेली आणि बाईंना म्हणाली, “आमच्या काकांना एवढीच येते.”

७ डिसेंबर

कपाटाचा किस्सा मध्येच टाकतो, तो सगळ्यात भारी आहे. मे महिन्यात बोका हरवला. इमारत पालथी घातली, मी पाण्याच्या टाकीत उतरून आलो, दूधवाला सायकलवरून स्टँडपर्यंत बघून आला. आणि हा पठ्ठ्या वहिनीच्या कपड्यांच्या कपाटात आतून दार ओढून गाढ झोपलेला! तोंडात साडीचा काठ. आम्ही इतके हसलो की शिंपीणबाईंना भिंतीला टेकावं लागलं. दादा मात्र तिथेच खाली बसला तो बराच वेळ उठेना. त्याला वेळ लागतो विनोद कळायला, लहानपणापासून.

दुसऱ्या दिवशी दादाने कपाटाची किल्ली काढून खिशात ठेवली. बोका अजूनही दुपारी कपाटाला पाठ लावून झोपतो. त्याला म्हणे तिथे थंड वाटतं.

८ डिसेंबर

मॅडम शाळेतून आली आणि दप्तरही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

“काका, बोक्याचं काय काय लिहिलंय?”

“आरसे. कपाट. तुझ्या बाबांचे बूट बादलीत बुडवले ते.”

“हे काहीच नाही. लिही. बोका चावतो.”

“कुणाला?”

“सगळ्यांना. लिही ना! गादी ओली करतो.”

“ते तर मार्चपासून—”

“रोज. आणि दुसऱ्यांच्या घरी गेला की जास्त. कपबश्या फोडतो. भात थुंकतो. झोपेत भुंकतो.”

“भुंकतो? बोका?” मला हसू आवरेना.

ती हसली नाही. “आणि त्याला गाडी लागते. हे मोठ्या अक्षरात लिही. लांब जायचं असलं की फारच लागते. सगळं सीट घाण होतं.”

“अगं, तो बिचारा गाडीत बसलाय कधी?”

“लागेलच,” ती म्हणाली. “लिही.”

एवढीशी पोरगी आणि धाकट्या भावाच्या चुगल्या करायची केवढी हौस! मीही दादाच्या अशाच करायचो. पण सामान झकास आहे. बोक्याला विचारलं, “काय रे, तू चावतोस?” तो म्हणाला, “अजून नाही.”

१० डिसेंबर

दादा अलीकडे जरा सावरलाय असं वाटतं. पोरांकडे लक्ष देतोय. काल दुकान लवकर बंद करून आला आणि बोक्याची नखं कापली, वीसच्या वीस, एकेक फुंकर मारून. आज त्याला फोटोवाल्याकडे नेलं. नवे बूट घेतले, चांगले दोन बोटं मोठे. म्हटलं, “अरे, पायातून निसटतील.” तर म्हणाला, “पुढच्या वर्षी बरोबर बसतील.”

मग बोक्याला मांडीवर घेऊन भांग पाडता पाडता घराचा पत्ता पाठ करून घेत होता. मजला, दार, रस्ता, सगळं. चुकलं की परत पहिल्यापासून.

“कशाला, बाबा?”

“हरवलास तर सांगता यायला पाहिजे.”

“मी कुठे हरवणार?” बोका म्हणाला. “मी तर इथेच असतो.”

दादा उठला आणि कंगवा धुवायला गेला. कंगवा धुवायला केवढा वेळ लागतो माणसाला! मी तोवर बोक्याला बंदराची गोष्ट सांगितली. तिथे एका खलाशाने पाळलेला पोपट होता, त्याला तीन भाषांतल्या शिव्या यायच्या आणि बाईमाणूस दिसलं की तो एकदम भजन म्हणायचा. बोक्याला त्या पोपटाच्या पिंजऱ्याला कडी होती का एवढंच ऐकायचं होतं.

१२ डिसेंबर

झालं! चार पानं भरली. सुरुवात अशी केलीय: “ह्या वर्षी आमच्या घरात तीन माणसं, पाच आरसे आणि एक बोका राहिला. पैकी बोका चावतो.” पुढे सगळं मॅडमचं, तिने सांगितलं तसं. गाडी लागते ते मोठ्या अक्षरात. मलाच माझं हसू येत होतं.

दादाने वाचलं. हसला नाही, पण पानं नीट एकावर एक लावली. “हे चावण्याबिवण्याचं कुठून आणलंस?”

“मॅडमने सांगितलं. पोरांचं काय, मजा.”

त्याने मॅडमकडे बघितलं. ती तिकिटं चिकटवत होती, मान वर न करता. मावशीचं पाकीट तिने स्वतः पेटीत टाकलं, मला उचलून घ्यायला लावून. टाकल्यावर पेटीला वरून दोनदा थोपटलं.

मावशी म्हणजे वहिनीची मोठी बहीण. त्यांना मूलबाळ नाही, घर मोठं आहे. दिवसभराच्या वाटेवर राहतात.

१८ डिसेंबर

मधले दिवस काही विशेष नाही. शिंपीणबाईंच्या यंत्राला तेल घातलं. उस्तादला भेटून आलो. त्याने ट्रकला नवा भोंगा बसवलाय, म्हशीने गाणं म्हणावं तसा वाजतो.

आज मावशीचा फोन आला. दादा दुकानात, मीच घेतला. त्या हसत होत्या, मग रडत होत्या, मला नीट कळेना.

“अहो, किती गोड लिहिलंत तुम्ही! भुंकतो म्हणे! मी तर किती वेळा वाचलं.”

मी म्हटलं, “चावतो पण हां, सांभाळून.”

“चावू दे हो,” त्या म्हणाल्या. “मला चावू दे. कुणी तरी चावू दे मला.” मग नाक ओढून म्हणाल्या, “पुढच्या रविवारी येतोच आम्ही. गाडीत पिशव्या ठेवल्यात, मागे चादर घातलीय. त्याला उलटी झाली तरी काळजी नाही.”

उलटी? तो कशाला बसेल तुमच्या गाडीत, असं मी विचारणारच होतो, तेवढ्यात दूध उतू गेलं. भांडं उतरवेपर्यंत हात भाजला, आणि फोनवर येऊन बघतो तर त्यांनी ठेवलेला.

मॅडम दारात उभी होती. “काय म्हणाली?”

“पुढच्या रविवारी येतायत. पत्र फार आवडलं. चावू दे म्हणाल्या.”

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं हात माझा नाही, तिचाच भाजलाय.

२१ डिसेंबर

हसरं वर्ष कसलं. माझ्या डोक्यात बटाटे भरलेत.

सकाळी मॅडम भांडी विसळत होती. बाही भिजेल म्हणून मी वर सारली तर हातभर दातांचे ठसे. काही लाल, काही हिरवेनिळे, एक तर फुटलेला.

“हे कुणी केलं?”

ती बाही खाली ओढायला लागली. बोका स्टुलावरून अभिमानाने म्हणाला, “मी! आम्ही शिकतो. न्हाणीघरात.”

“काय शिकता?”

“चावायचं. ताई म्हणते जोरात. मी म्हणतो तुला लागेल. ती म्हणते लागू दे, अजून जोरात. मावशी उचलायला लागली की लगेच. इथे.” त्याने स्वतःचा दंड दाखवला.

मी खाली बसलो. मॅडमला विचारलं, मावशी कशाला उचलेल याला?

“तुला खरंच माहीत नाही?” तिने असं विचारलं जसं शाळेतल्या बाई मला विचारायच्या. “मावशी नेणारेय त्याला. कायमचा. बाबा फोनवर बोलत होते. मी मोठी आहे, मला शाळा आहे, म्हणून मी इथे. तू जाणार ना, मग त्याच्याकडे कोण बघणार?” आणि भांडी विसळता विसळता म्हणाली, “मला वाटलं, घाणेरडा आहे म्हटलं की नको म्हणेल. तूच ते गोड करून लिहिलंस.”

नखं, फोटो, मोठे बूट. सगळं माझ्या ह्या वहीत आहे, माझ्याच हाताने लिहिलेलं. आणि मी लिहिलंय की दादा सावरलाय.

२२ डिसेंबर

दुकानात गेलो. दादा मोठी काच टेबलावर पसरून उभा होता, चाक रॉकेलात बुडवत होता.

“बोक्याला देतोयस?”

त्याने पट्टी लावली. “देत नाहीये. ठेवतोय. त्यांच्याकडे माणूस आहे, वेळ आहे. मी सकाळी नऊला इथे येतो, दिवेलागणीला घरी. शिंपीणबाई शाळेतून आलेलं एक पोर बघतील, दिवसभर चार वर्षांचं नाही बघू शकत. मी विचारून बघितलं.”

“मला का नाही विचारलंस?”

“विचारलं असतं तर तू राहतो म्हणाला असतास.”

“मग?”

“मग किती दिवस? मेपर्यंत? पावसापर्यंत?” तो रागावलेला नव्हता, तेच वाईट. “तू वाईट नाहीस रे. भिंगरी आहेस. आई तुला भिंगरी म्हणायची ते काय उगीच? एक दिवस उठशील आणि जाशील, आणि तोपर्यंत तो तुझ्या पायांवर झोपायला शिकलेला असेल. एकदा माणूस गेलेलं बघितलंय त्यांनी. दुसऱ्यांदा मी बघू देणार नाही.”

“तो आत्ताच माझ्या पायांवर झोपतो.”

“माहितीय मला,” दादा म्हणाला, आणि चाक ओढलं. शीळ वाजली नाही, नुसती खरखर झाली. त्याने काच टेबलाच्या कडेवर दाबली आणि ती रेघ सोडून भलतीकडेच तुटली.

दोघांनी मिळून तुकडे उचलले. गिऱ्हाइकाला काय सांगायचं त्यावर थोडं बोललो.

२४ डिसेंबर

उस्तादकडे जाऊन सांगितलं, मी येत नाही.

“पोरगी बघितलीस का कुठे?”

“हो. आठ वर्षांची आहे, फार मारकुटी आहे.”

तो आधी हसला, मग शिव्या घातल्या, मग म्हणाला, “नीट विचार कर, परत जागा ठेवणार नाही.” गॅरेजमधल्या एकाला त्याने माझ्यासमोरच माझ्या जागी उचललं. भोंगा वाजवून निघून गेला. मी तिथे उभा राहिलो. खोटं का लिहू, पाय त्या ट्रकच्या मागेच निघाले होते. चौकापर्यंत गेलेसुद्धा.

घरी येऊन दादाला सांगितलं. पोळी मोडता मोडता तो म्हणाला, “बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं. बघू.”

“मग मावशीला फोन कर.”

“शब्द दिलाय मी. त्या बाईने खोली रंगवलीय. तिला काय सांगू, माझ्या भावाने काल ठरवलंय म्हणून?” त्याने ताट सरकवलं. “तूच विचार कर, तुझ्या शब्दावर तू तरी पोर ठेवशील का?”

मी विचार केला. प्रामाणिकपणे केला. आणि ताटं उचलायला लागलो.

२५ डिसेंबर

मॅडम माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. मीठ दे, पंचा दे. मी जात नाही हे सांगितलं तर म्हणाली, “बाबांना लिहून दे.” लिहून दिलं. तिने वाचलं, घडी घातली, आणि म्हणाली, “तू तर सगळंच गमतीत लिहितोस. कोण खरं मानणार?”

दुपारी बोक्याची बॅग भरली. दादाने भरली, मी उभा होतो. तीन चड्ड्या, चार सदरे, स्वेटर. दादाने खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि वहिनीचा एक मऊ झालेला पंचा तळाशी घातला. बोक्याने तो ओढून काढला आणि परत कपाटात नेऊन ठेवला. म्हणाला, “हा इथला आहे.” दादाने परत बॅगेत घातला. त्याने परत काढला. असं बराच वेळ चाललं. दोघंही आवाज चढवत नव्हते.

२६ डिसेंबर

अजून शुक्रवारच आहे. दादा दुकानात. मी पोळ्या लाटत होतो, बऱ्या येतात आता, गोल नाही पण पोळीसारख्या. बोका कपाटाला पाठ लावून बसला होता, मॅडम त्याला पत्ता म्हणून घेत होती. तो “रस्ता” नंतर अडला की ती चिमटा काढायची.

खाली गाडीचं दार वाजलं. मी खिडकीतून बघितलं. मोटार मावशीचीच, मागच्या सीटवर चादर घातलेली. पण रविवार नव्हे, आणि मावशी नव्हे. हात पिठाचे होते, मी कट्ट्याला घट्ट धरून उभा राहिलो. मॅडम माझ्याआधी जिन्यात गेली. बोका तिच्या मागे निघाला, त्याला मी दारात धरला. तो चावला. मला. चांगला जोरात.

मॅडम परत वर आली ती सावकाश, एकेक पायरी.

“मावसोबा आलेत,” ती म्हणाली. मावशीचे यजमान. वहिनी गेली तेव्हासुद्धा हा माणूस गाडीत बसून राहिला होता, त्याचा आवाज कसा आहे ते मला आजवर माहीत नाही. “एकटेच आहेत. मावशीला सांगितलेलं नाही म्हणाले.”

“कुठे आहेत?”

“खालच्या पायरीवर. चपला काढून बसलेत, हातात आपलं हसरं वर्ष आहे. वर येत नाहीत.” तिने दाराची कडी हातात धरून ठेवली होती. “मला म्हणाले, तूच का ती, जिचा भाऊ चावतो? मी म्हटलं, हो. फार चावतो.”

“मग?”

“मग म्हणाले, बरं, मी इथेच बसतो जरा. आणि मला म्हणाले, बस.”